दंड भरून मोकळं होण्याआधी

आमच्याकडे वकील बऱ्याचदा पक्षकाराला सांगतात, कबुली द्या, दंड भरा, मोकळे व्हा. पत्त्याच्या डावावर पडलेली धाड असो की पोळ्यातली ढकलाढकली, तारखांचे हेलपाटे घालण्यापेक्षा आमच्या रोहिणखेड गावच्या माणसाला ते परवडतं. पण परदेशात व्हिसावर राहणाऱ्या पोराला हा सल्ला मी कधीच देणार नाही.

गावातलाच एक पोरगा अमेरिकेत एमएस करतो. मोठ्या दुकानात, जिथे गिऱ्हाईक स्वतःच बिल करतं, त्याच्या दोन वस्तू स्कॅन न होता पिशवीत गेल्या. अटक झाली, बोटांचे ठसे घेतले, तारीख मिळाली. रात्री त्याचा फोन आला. "काका, सरकारी वकील म्हणते का गुन्हा कबूल केला तर नुसता दंड. भरून मोकया होऊ काय?"

"बाबू, कशावरही सही करू नको," मी म्हटलं. "आधी तिथला इमिग्रेशनचा वकील गाठ."

फौजदारी कोर्ट किती शिक्षा द्यायची ते बघतं. इमिग्रेशनचा कायदा गुन्हा कोणत्या जातीचा, ते बघतो. चोरी आणि फसवणूक तिथे सहसा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांत धरतात. देशात प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा गुन्हा घडला आणि त्याला वर्षभराची शिक्षा होऊ शकत असेल, तर प्रत्यक्षात दंडावर सुटलेला माणूसही हद्दपारीला पात्र ठरतो. 1996 च्या कायद्याने तर कबुली आणि जोडीला काही शिक्षा किंवा बंधन एवढ्यालाच दोषसिद्धी ठरवलं. राज्याच्या कोर्टाने पुढे केस निकालात काढली तरी बहुतेक वेळा इमिग्रेशनच्या लेखी ती उरतेच.

ग्रीनकार्डवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. होसे पाडिया हा होंडुरासचा माणूस व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेसाठी लढला, चाळीस वर्षं तिथे कायदेशीर राहिला. ट्रकमध्ये गांजा सापडला. इतकी वर्षं राहतोयस, काळजी नको, असं त्याच्या वकिलाने सांगितलं. त्याने कबुली दिली आणि हद्दपारी ओढवली. 31 मार्च 2010 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की कबुलीमुळे हद्दपारी होऊ शकते हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे. माझ्या मते वकिली करणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा.

नुसत्या आरोपाने ग्रीनकार्ड सहसा जात नाही. व्हिसा मात्र अटकेवरही रद्द होऊ शकतो, विशेषतः दारू पिऊन गाडी चालवल्यावर. 2025 च्या वसंतात सरकारने परदेशी विद्यार्थ्यांची नावं पोलिसी नोंदींशी ताडली आणि हजारोंची विद्यार्थी नोंद बंद केली. त्यात खटले रद्द झालेले होते, वाहतुकीचा दंड भरलेलेही होते. पोरं कोर्टात गेली, स्थगिती मिळाली आणि 25 एप्रिलला सरकारने नोंदी पूर्ववत करायचं मान्य केलं. तोवर काहींनी देश सोडला होता.

परदेशी जाणाऱ्याची अशी अडचण इथे, गावातूनही सुरू होते. धुऱ्याच्या भांडणात फिर्यादी घरातल्या सगळ्या पोरांची नावं टाकतो, पुण्यात शिकणाऱ्याचंही. हे मला फार लागतं. पासपोर्ट कायदा, 1967 च्या कलम 6 प्रमाणे फौजदारी कोर्टात प्रकरण चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. नुसता एफआयआर आड येत नाही. कोर्टाने दखल घेतली असेल, तर 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेनुसार त्याच कोर्टाची परदेशी जाण्याची परवानगी घ्यावी. परवानगीत मुदत लिहून घ्या, नाहीतर पासपोर्ट वर्षभराचाच मिळतो. आणि अर्जात केस लपवू नका; लपवणं हा वेगळा गुन्हा आहे.

त्या पोराने कबुली दिली नाही. तिथल्या वकिलाच्या खटपटीने चोरीचा आरोप मागे घेतला गेला. तरी पुढच्या व्हिसाच्या अर्जात कधी अटक झाली होती का, या प्रश्नाला त्याला 'हो' असंच लिहायचंय. म्हणून निकालाची शिक्क्याची नक्कल मी त्याला आत्ताच काढून ठेवायला लावली आहे.