जुनी हायब्रिड घ्यावी का?

जुन्या हायब्रिड गाडीच्या किमतीचा फैसला बॅटरीच्या वयावर होतो. साध्या पेट्रोल गाडीचे उरलेले आयुष्य बरेचसे किलोमीटरवरून जोखता येते. हायब्रिडची मोठी बॅटरी मात्र गाडी दारात उभी असली तरी वर्षांनी आणि उष्णतेने उतरत जाते. त्यामुळे ‘फार चालवलेली नाही’ हे विक्रेत्याचे बोलणे इथे अर्धेच कामाचे असते.

प्रथम प्रकार ओळखावा. २०१५ मध्ये आलेल्या सियाझ आणि एर्टिगाच्या ‘एसएचव्हीएस’ गाड्या माइल्ड हायब्रिड आहेत. त्यांची मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते. गाडी एकट्या मोटरवर चालत नाही. त्या साध्या गाडीसारख्याच पारखाव्यात. सिव्हिक हायब्रिड (२००८), प्रियस (२०१०), भारतात जुळवलेली कॅमरी हायब्रिड (२०१३) आणि २०२२ मधल्या सिटी, हायरायडर, ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्या काही अंतर निव्वळ विजेवर जातात. त्यांना बाहेरून चार्जिंग लागत नाही. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठते.

म्हणूनच त्या गर्दीत जास्त परवडतात. पुण्याजवळच्या चऱ्होलीहून मोशीमार्गे नाशिक महामार्गाला लागून चाकण एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याची गाडी पाळी सुटण्याच्या वेळी तळेगाव चौकात इंचाइंचाने सरकते. रोज ४० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर १२ हजार किलोमीटर होतात. साध्या गाडीचे ॲव्हरेज १४ आणि हायब्रिडचे २० मानले, तर वर्षाला सुमारे २५७ लिटर पेट्रोल वाचते. लिटरला १०५ रुपयांनी ही बचत २७ हजारांच्या आसपास जाते. गाडी फक्त रविवारी बाहेर निघत असेल, तर हे गणित बसत नाही.

पाहणी सकाळी, इंजिन थंड असताना करावी. बटण दाबल्यावर ‘रेडी’ दिवा लागतो. इंजिन लगेच सुरू होईलच असे नाही. मग गर्दीतून आणि एखाद्या चढावरून गाडी फिरवावी. पडद्यावरच्या बॅटरीच्या रेघा काही मिनिटांत पूर्ण भरून लगेच तळाला जात असतील, तर बॅटरी थकलेली असण्याची शक्यता मोठी. कॅमरीची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी ३४ मॉड्यूलची आहे. एक मॉड्यूल कमजोर झाले की सगळा संच बिघडल्यासारखा वागतो. तेवढे एकच बदलले, तर बाकीची जुनी मॉड्यूल पुढे पुन्हा खर्चात पाडू शकतात. अनेक मॉडेलमध्ये मागच्या सीटजवळ बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी असते; ती धूळ-केसांनी तुंबली असेल, तर बॅटरी तापत आली असे समजावे. गालिचा उचलून गाळ आणि सीटच्या नटांवरचा गंजही पाहावा. पुरात बुडालेल्या गाडीत खाली बसवलेली बॅटरी आणि वायरिंग यांचा भरवसा उरत नाही. नारिंगी केबलला मात्र हात लावू नये. तिच्यातून उच्च दाबाची वीज वाहते. शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन करून मॉड्यूलनिहाय अहवाल घ्यावा.

कागदपत्रांत खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २००८ च्या सिव्हिकची ती मुदत २०२३ मध्येच संपली. फेरनोंदणीला फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर लागतो. परराज्यातली गाडी असेल तर मूळ आरटीओची एनओसी हवी आणि इथला रोड टॅक्सही. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ व ३०, आणि कर्ज फिटलेले असल्यास बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ लागतो.

२०२२ नंतरच्या सिटी आणि हायरायडरच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल तोवर, वॉरंटी आहे. ती शिल्लक असेल आणि सर्व्हिसच्या नोंदी सलग असतील, तर व्यवहार सोपा. वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी नव्या बॅटरीचे लेखी कोटेशन आधी घ्यावे आणि ती रक्कम मागणीच्या भावातून वजा करावी. उरलेल्या किमतीला विक्रेता तयार नसेल आणि रोजची धावही मोठी नसेल, तर साधी पेट्रोल गाडीच बरी.