जुन्या मोटारीचा सौदा आणि त्यातील तंट्याची तोड

आपला नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती कसा गेला, हे वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक असेलच. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचे ‘सांताना’ नावाचे जहाज पकडले. त्याच्या भरपाईचा प्रश्न १७७९ च्या तहात ठरला. वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे द्यावयाची असे मान्य झाले, आणि १७८३ साली या मुलुखातील गावे पोर्तुगिजांकडे सोपविण्यात आली. एका वाहनाचा तंटा मिटावयास अकरा वर्षे लागली. मिटला तो मात्र व्यापाऱ्याच्याच रीतीने: हानी काय झाली, तिची किंमत किती, आणि ती कोणत्या रूपाने भरून द्यावयाची, या तीन प्रश्नांची उत्तरे देऊन.

आज आपल्या सभासदांच्या घरोघरी मोटार आहे आणि जुन्या मोटारींची खरेदी-विक्रीही वाढली आहे. त्याबरोबर एक विशिष्ट तंटा वारंवार कानी येतो. जाहिरातीत सांगितलेल्या सोयी गाडीत नसतात. अशा वेळी पुष्कळ कुटुंबे एक तर मुकाट्याने नुकसान सोसतात, नाही तर रागाच्या भरात संबंध तोडून बसतात. दोन्ही मार्ग तोट्याचे होत. म्हणून हे तंटे कोणत्या तत्त्वावर उभे असतात व ते कसे सोडवावे, याचा विचार येथे केला आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, सिल्वासातील एका सभासदाने मुंबईच्या एका विक्रेत्याची जाहिरात वाचली: ‘२०१७ ची गाडी, सर्वांत वरची श्रेणी, सहा एअरबॅग, मागे पाहण्याचा कॅमेरा.’ चार लाख ऐंशी हजारांस सौदा झाला. बयाणा दिला, उरलेली रक्कम बँकेतून गेली, गाडी घरी आली. पुढच्या रविवारी सारे कुटुंब खानवेलकडे निघाले असता मुलाने विचारले, ‘बाबा, पडद्यावर मागचे का दिसत नाही?’ सोमवारी गाडी कार्यशाळेत नेली, तेव्हा कळले की कॅमेरा नाहीच, आणि एअरबॅगही सहा नसून दोन आहेत. श्रेणी मधली आहे.

विक्रेत्याकडे विचारणा केली की बहुधा तीन उत्तरे मिळतात. ‘तुम्ही गाडी पाहून घेतली होती.’ ‘जशी आहे तशी या अटीवर विकली.’ ‘जाहिरात लिहिताना कारकुनाची चूक झाली.’ तिन्ही उत्तरे ऐकावयास वजनदार वाटतात. ती कितपत टिकतात ते पाहू.

पाहून घेतली म्हणून काय झाले?

मालविक्री कायदा, १९३० याच्या १५ व्या कलमाप्रमाणे, वर्णनावरून माल विकला असेल तर माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, ही अट सौद्यात आपोआप येते. ती वेगळी लिहावी लागत नाही. आपल्या या कायद्याची घडण इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावरून झालेली असल्यामुळे तेथील निवाडे आपणांस उपयोगी पडतात. १९६७ सालचा बील विरुद्ध टेलर हा निवाडा त्यांपैकी एक होय. एका गृहस्थाने ‘हेरल्ड, १९६१’ अशी गाडीची जाहिरात दिली होती. ग्राहकाने गाडी पाहून घेतली. नंतर उघडकीस आले की मागचा अर्धा भाग १९६१ च्या गाडीचा, पुढचा अर्धा त्याहून जुन्या गाडीचा, आणि दोन्ही मध्ये सांधलेले! विकणाऱ्यासही हे ठाऊक नव्हते. तरीही न्यायालयाने १२५ पौंडांची भरपाई देवविली, कारण ग्राहकाने डोळ्यांनी गाडी पाहिली असली तरी ‘१९६१ ची हेरल्ड’ या वर्णनावर विसंबूनच ती घेतली होती.

मात्र येथे एक मर्यादा ध्यानी ठेवावी. करार कायदा, १८७२ याच्या १९ व्या कलमानुसार, चुकीच्या माहितीमुळे झालेला करार मोडता येतो खरा. परंतु चुकीचे कथन लबाडीचे नसेल आणि साधारण काळजी घेतली असती तर खरे काय ते कळण्याजोगे असेल, तर करार मोडण्याचा हा हक्क राहत नाही. छत उघडणारे आहे की नाही हे उभ्या उभ्या दिसते. दारातील व आसनातील एअरबॅग दिसत नाहीत. म्हणून जे दिसते त्याविषयी ग्राहकाची बाजू दुबळी, जे झाकलेले असते त्याविषयी ती बळकट.

‘जशी आहे तशी’

ही अट व्यापारात जुनीच आहे. ६२ व्या कलमाने उभयपक्षी ठरवून कायद्याच्या गर्भित अटी बाजूस ठेवता येतात. जुन्या गाडीचे क्लच घासलेले निघाले, बॅटरी बसली, रंग उडाला, तर या अटीचा विक्रेत्यास आधार मिळू शकतो. परंतु ‘सहा एअरबॅग आहेत’ असे एका हाताने लिहून देणे व ‘जशी आहे तशी’ म्हणून दुसऱ्या हाताने ते पुसून टाकणे, हे चालत नाही. जाणूनबुजून केलेल्या लबाडीस तर कोणत्याही अटीचे पांघरूण पुरत नाही.

मौनाचे काय? करार कायद्याच्या १७ व्या कलमाखाली घोड्याचे उदाहरण दिले आहे, ते प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानी धरण्याजोगे आहे. दोष असलेला घोडा गुपचूप लिलावात विकला तर केवळ मौन ही लबाडी ठरत नाही. परंतु घेणारा म्हणाला की, ‘तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच होय. तात्पर्य, ग्राहकाने प्रश्न विचारावा, आणि तो लेखी विचारावा.

कारकुनाची चूक

अजाणता दिलेली चुकीची माहितीही कायद्याच्या दृष्टीने चुकीचीच असते. फरक पडतो तो बोलणारा कोण यामुळे. इंग्लंडमध्ये १९५७ सालच्या एका निवाड्यातील साध्या गृहस्थाने नोंदणी पुस्तकावर विसंबून आपली मॉरिस गाडी १९४८ ची म्हणून मोटार-व्यापाऱ्यास दिली. ती १९३९ ची निघाली. न्यायालयाने त्या गृहस्थास दोषी धरले नाही, कारण व्यापाऱ्यासच अधिक कळावयास हवे होते. उलट १९६५ सालच्या एका निवाड्यातील मोटार-व्यापाऱ्याने बेंटले गाडी नवे इंजिन बसविल्यापासून वीस हजार मैल चालल्याचे सांगितले, ते खोटे ठरले. तेथे त्याचे बोल हमी म्हणून धरण्यात आले, कारण खरे काय ते शोधणे त्याच्या हाती होते. जो ज्या मालाचा धंदा करतो, त्याच्या शब्दास अधिक वजन, आणि म्हणून अधिक जबाबदारी.

तक्रार कोणाविरुद्ध?

याचे उत्तर गोव्यातील एका प्रकरणाने स्पष्ट केले आहे. तेथील एका विक्रेत्याने टाटांची मान्झा गाडी २०११ ची नवी म्हणून विकली. प्रत्यक्षात ती २००९ ची असून ६२२ किलोमीटर चाललेली होती. जिल्हा मंचाने गाडी बदलून द्यावी अथवा पैसे व्याजासह परत करावे असा हुकूम दिला, आणि विक्रेत्याबरोबर कंपनीसही जबाबदार धरले. वरच्या दोन पायऱ्यांवरही तेच कायम झाले. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीस मुक्त केले. कंपनी व विक्रेता यांचे नाते स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते, आणि विक्रेत्याच्या खोट्या बोलण्याचे ज्ञान कंपनीस असल्याचे सिद्ध झाले नव्हते. विक्रेत्याची जबाबदारी मात्र तशीच राहिली. ज्याने शब्द दिला, त्यालाच जाब विचारावा.

तंटा उद्भवताच काय करावे?

पहिली गोष्ट पुराव्याची. जाहिरात संगणकावरील असेल तर ती क्षणात पुसली जाते. म्हणून सौद्यापूर्वीच तिचे चित्र, संदेश व पावती जपून ठेवावी, आणि ज्या फोनवर संदेश आले तो मोडीत काढू नये. नंतर कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत चेसिस क्रमांकावरून गाडीची मूळ श्रेणी लेखी घ्यावी. पूर्वीच्या विमा-दाव्यांचीही चौकशी करावी, कारण अपघातात उघडलेल्या एअरबॅग कधी कधी पुन्हा बसविलेल्याच नसतात. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझतो. तो मुळीच लागत नसेल तर शंका घ्यावी.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. प्रत्येक मोटारीत एअरबॅग असतेच असे नाही. चालकापुढील एअरबॅग आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या आसनासाठी नव्या बनावटीच्या गाड्यांस १ एप्रिल २०२१ पासून. २०१७ च्या गाडीत एकही नसली तरी तो अपराध नव्हे. आपला हक्क उभा राहतो तो विक्रेत्याने दिलेल्या शब्दावर.

दुसरी गोष्ट वेळेची. गाडी परत करावयाची असेल तर ते त्वरित लेखी कळवावे. ४२ व्या कलमाप्रमाणे, वाजवी मुदतीत नकार न कळविता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असे धरले जाते, आणि मग १३ व्या कलमाने सामान्यतः केवळ भरपाई मागता येते. आपल्याकडील जांगडीच्या मालाचा नियम आठवावा: मुदतीत परत गेला नाही, तर नावे पडला. तक्रार चालू असता गाडीस नवे सामान बसविणे किंवा ती तिसऱ्यास विकणे टाळावे.

तिसरी गोष्ट हिशोबाची. आपल्या उदाहरणात त्याच सालच्या, तितक्याच चाललेल्या मधल्या श्रेणीच्या गाडीचा बाजारभाव समजा चार लाख वीस हजार आहे. मग हानी साठ हजारांची, आणि तपासणीचा खर्च वेगळा. ५९ व्या कलमाप्रमाणे इतकी रक्कम किंमतीतून कमी करून मागता येते. कॅमेरा नंतर बसविता येतो. एअरबॅगचे तसे नाही. तिच्याबरोबर संवेदक, तारा व नियंत्रक यांची सारी जुळणी लागते आणि बाहेर ती बसविणे धोक्याचे असते. सोयीच्या उणिवेस पैशाचा बट्टा पुरतो. परंतु मुलाबाळांच्या जिवाचे रक्षण होईल या भरवशावर गाडी घेतली असेल आणि ते साधनच नसेल, तर साठ हजार पदरात पाडून घेण्यापेक्षा गाडी परत करणे अधिक शहाणपणाचे, आणि विक्रेत्यानेही तेथे हुज्जत घालू नये.

चौथी गोष्ट तडजोडीची. प्रथम पंधरा दिवसांची मुदत देऊन पत्र पाठवावे. त्यात शिवीगाळ नसावी. जाहिरातीतील शब्द, तपासणीतील निष्कर्ष आणि आपली मागणी, एवढेच असावे. उभयतांस मान्य असा एखादा जाणता मध्यस्थ मिळाल्यास उत्तम. तडजोड झाली की ती लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या. गाडी परत जात असेल तर २९ व ३० क्रमांकाचे अर्ज भरून परिवहन कार्यालयातील नावही बदलून घ्यावे. नोंदणीत ज्याचे नाव, त्याच्यावर अपघाताची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

तडजोड न झाल्यास

धंदा म्हणून गाड्या विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते. मुंबईत घेतलेल्या गाडीसाठी सिल्वासाच्या ग्राहकाने मुंबईस खेटे घालण्याचे कारण नाही. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यताही मिळते. गाडी पेढीच्या नावे घेतली म्हणून हक्क बुडतोच असे नाही. संचालकाच्या खासगी वापरासाठी घेतलेली गाडी व्यापारी हेतूची ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली म्हटले आहे. मात्र घरची एकच गाडी विकणारा गृहस्थ हा व्यापारी नव्हे. त्याच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि तेथे सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते.

आता दोन शब्द विकणाऱ्यांसाठी, कारण आपण सारे आज घेणारे असलो तरी उद्या विकणारे आहोत. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांस १ एप्रिल २०२३ पासून परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेण्याचा नियम लागू झाला आहे, तो पाळावाच. गाडी विकताना श्रेणी, साल, चाललेले अंतर, झालेले अपघात व नसलेल्या सोयी एका कागदावर लिहून त्यावर ग्राहकाची सही घ्यावी. ‘नसलेल्या सोयी’ हा रकाना विशेष महत्त्वाचा. तो कागद दोघांचेही रक्षण करतो. आपल्या अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाबरोबर ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे एक दाखवून दुसरेच देणे, हाही गणला आहे. आपल्या पूर्वजांनी खोटे माप आणि खोटे वर्णन एकाच पंक्तीस बसविले ते योग्यच होय.

उदाहरणातील सभासदाची हानी साठ हजारांची खरी. पण गाडी घरी आणण्यापूर्वी एक लेखी प्रश्न आणि कार्यशाळेतील एक तासाची तपासणी, एवढ्यावर ती टळली असती. आणि विक्रेत्याने पहिल्याच पत्रास सरळ उत्तर देऊन पैसे अथवा गाडी परत घेतली, तर तो साठ हजार गमावून एक ग्राहक राखतो. सांतानाच्या हिशोबास अकरा वर्षे लागली; आपल्या सौद्यांचा हिशोब पंधरा दिवसांत मिटावा, इतकी वाट आपल्या समाजात खचित मोकळी असावी.