रॉक्सर आणि जीप : गाडीच्या रूपावरील हक्काचा वाद

ग्रामीण महाराष्ट्राला परिचित असलेल्या महिंद्रा जीपची परंपरा १९४७ पासूनची आहे. त्या वर्षी मुंबईत अमेरिकन विलिस जीपची जुळणी सुरू झाली. याच वारशावर आधारलेली, केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी असलेली ‘रॉक्सर’ महिंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेत आणली, तेव्हा जीपची तत्कालीन मालक फियाट क्रायस्लर हिने तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली.

वादाचे केंद्र ‘ट्रेड ड्रेस’ हे होते, म्हणजे ज्या बाह्य रूपावरून ग्राहक वस्तूचा निर्माता ओळखतो, त्या रूपाला मिळणारे कायदेशीर संरक्षण. पेटीसारखी बांधणी, सपाट बॉनेट, त्याच्या बाहेरील कड्या, उभ्या फटींची जाळी आणि गोल दिवे यांचा एकत्रित ठसा जीपचाच आहे, हे मान्य करून आयोगाने जून २०२० मध्ये रॉक्सरच्या आयात-विक्रीस मनाई केली. नोंदणीकृत व्यापारचिन्हांचा भंग मात्र त्याला आढळला नाही.

महिंद्राने दर्शनी भाग बदलल्यावर डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने नवे रूप निर्दोष ठरवले. तथापि, एकदा भंग करणाऱ्याने मूळ रूपापासून पुरेसे दूर राहावे, या ‘सुरक्षित अंतरा’च्या तत्त्वावर न्यायालयीन लढा चालू राहिला, २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो मुद्दा फेरविचारासाठी पाठवला आणि २०२३ मध्ये मिशिगनच्या जिल्हा न्यायालयाने महिंद्राच्या बाजूने निर्णय दिला. परवान्याने मिळालेला उत्पादनाचा वारसा कितीही जुना असला, तरी त्यातून प्रत्येक देशात त्या रूपावरचा हक्क आपोआप मिळत नाही, हा या प्रकरणाचा महत्त्वाचा धडा आहे.