खड्डा भरला, राखण उरली

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात रॉनेबुर्ग नावाचं छोटं गाव आहे. गावाबाहेर एक हिरवी टेकडी दिसते. माथ्यावर खाणकामगाराच्या दिव्याची भलीमोठी प्रतिकृती उभी आहे, आणि सुट्टीच्या दिवशी लोक सायकली घेऊन तिथवर चढतात. टेकडीला श्मिर्शाउ या गावाचं नाव दिलंय. ते गाव मात्र आता कुठेच नाही, कारण खाणीनं ते गिळलं. टेकडी आज जिथे आहे, तिथे एकेकाळी २४० मीटर खोल खड्डा होता.

हा लिख्टेनबर्गचा खड्डा, म्हणजे युरेनियमची उघडी खाण. चालवणाऱ्या कंपनीचं नाव होतं विस्मुट. जर्मनमध्ये विस्मुट म्हणजे बिस्मथ हा धातू. १९४७ मध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी ही कंपनी काढली तेव्हा आत काय चाललंय याचा बाहेर पत्ता लागू नये, म्हणून हे निरुपद्रवी नाव निवडलं गेलं. सॅक्सनी आणि थुरिंगियातल्या खाणींतून १९९० पर्यंत सुमारे २ लाख ३१ हजार टन युरेनियम निघालं आणि सोव्हिएत संघाकडे गेलं. जर्मनी एक झाली आणि खाणकाम थांबलं. मागे उरले मुरमाचे डोंगर, गाळाची तळी, आम्लानं भिजलेली जमीन आणि छातीत धूळ साठलेले हजारो कामगार.

१९९१ मध्ये विस्मुटचं पूर्ण सरकारी कंपनीत रूपांतर झालं. नाव तेच राहिलं, काम मात्र उलटं झालं. चार दशकं जे वर काढलं, त्याचा बंदोबस्त करायचा. त्यासाठी सुरुवातीला १३ अब्ज मार्कांची तरतूद होती. खाणकाम बंद झालं तरी अनेक कामगारांच्या हाती तीच यंत्रं राहिली, फक्त गाड्या आता उलट्या दिशेनं भरून जाऊ लागल्या.

लिख्टेनबर्गचा खड्डा तोवर थोडा बुजला होता, तरी ८ कोटी ४० लाख घनमीटर पोकळी शिल्लक होती. आसपास विखुरलेले मुरमाचे ढीग उचलून त्यात टाकायचे, असं ठरलं. त्यांत रॉइस्टचे दोन शंकूही होते. शंभर मीटरपेक्षा उंच असलेले हे ढीग दुरून दिसत, लोक त्यांना पिरॅमिड म्हणत. खाणींतल्या अजस्र डंपरांच्या फेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या आणि हे शंकूही खड्ड्यात गेले.

वरवर पाहता हा भराव घालण्याचाच प्रकार. पण खरी हुशारी होती कोणता दगड कुठे टाकायचा, यात. इथल्या दगडात पायराइट आहे, म्हणजे लोह आणि गंधक यांचं सोनेरी दिसणारं खनिज. त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळालं की गंधकाम्ल तयार होतं. आम्ल दगडातलं युरेनियम, निकेल, कोबाल्ट विरघळवतं आणि पाणी ते ओढ्यापर्यंत नेतं. म्हणून आम्ल करण्याची ताकद सर्वांत जास्त असलेला दगड खड्ड्याच्या तळाशी गेला. खाणीतलं पाणी उपसणारे पंप बंद केल्यावर भूजल जिथवर चढणार, त्या पातळीच्या खाली. पाण्याखाली प्राणवायू जवळजवळ पोहोचत नाही, मग आम्लाचा कारखानाच बंद पडतो. मधल्या थरात मध्यम ताकदीचा दगड. सर्वांत वर आम्ल मारणारा, चुन्याचा अंश असलेला दगड. गरज पडेल तिथे चुनाही मिसळला. म्हणजे गाडीतला माल आधी तपासायचा, मगच तो कुठल्या थरात जाणार ते ठरायचं.

मग वर मातीची चादर. तिचं काम केवळ गवत उगवण्यापुरतं नाही. दगडातल्या रेडियमपासून रेडॉन हा वायू सतत तयार होतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस. नीट दाबलेल्या, ओलसर मातीतून वर यायला त्याला जितका वेळ लागेल, तितका तो वाटेतच विघटित होतो. थोडक्यात, माती रेडॉनला रोखत नाही, उशीर करते, आणि त्या उशिरातच निभावतं. रेडियमचं अर्धायुष्य मात्र १,६०० वर्षांचं आहे. म्हणजे चादर टिकवण्याची जबाबदारी आजच्या कुठल्याही संस्थेच्या आयुष्यापेक्षा लांब.

गाळाच्या तळ्यांचं दुखणं वेगळं. खनिज दळून युरेनियम काढून घेतलं, तरी मूळ किरणोत्साराचा बराचसा भाग उरलेल्या चिखलातच राहतो. तो चिखल इतका मऊ की त्यावर यंत्र नेलं तर रुतेल. म्हणून आधी जाळीदार कापड अंथरायचं, मग चपट्या प्लास्टिकच्या पट्ट्या वातीसारख्या खोल खुपसायच्या. वरून मातीचा भार टाकला की आतलं पाणी त्या वातींतून वर येतं आणि चिखल हळूहळू आवळतो.

जवळच गेसन दरी आहे. तिथे पूर्वी हलक्या प्रतीच्या खनिजाचा ढीग रचून त्यावर आम्ल शिंपडायचे आणि झिरपलेल्या द्रावातून युरेनियम गोळा करायचे. तो ढीग हलवला, खालची मातीही खरवडली, तरी धातूंचा अंश उरलाच. २००४ पासून येना विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या जागी प्रयोगाचं शेत केलं. वनस्पती आणि मातीतले सूक्ष्मजीव मिळून हे धातू कसे शोषतात किंवा मुळाशी धरून ठेवतात, हे ते पाहत आले. पण शोषून घेतलेला धातू हवेत उडून जात नाही. तो देठात, पानात जमतो. मग त्या पिकाचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न.

२००७ मध्ये गेरा आणि रॉनेबुर्गमध्ये देशाचं उद्यान-प्रदर्शन भरलं. ‘ड्रॅगनची शेपूट’ नावाचा २२५ मीटर लांबीचा लाकडी पादचारी पूल दरीवर टांगला गेला. फुलं पाहायला आलेल्यांपैकी किती जणांच्या ध्यानात आलं असेल की पायाखालचा नजारा डंपरांनी रचलेला आहे?

फुलांचा सोहळा संपला, पण दरीच्या तळाशी पाणी थांबलेलं नाही. खाणींच्या जुन्या बोगद्यांत भूजल पुन्हा भरलं आणि ते धातू घेऊन वर येऊ लागलं. ते अडवून पंपानं शुद्धीकरण केंद्रात नेतात. तिथे चुना घातला की युरेनियम आणि इतर धातू गाळ होऊन तळाशी बसतात. स्वच्छ पाणी ओढ्यात सोडलं जातं. गाळ घट्ट करून ठरलेल्या जागी साठवतात आणि वर पुन्हा माती.

मातीतून पाण्यात, पाण्यातून गाळात, गाळातून पुन्हा मातीत. डंपर थांबले, पण इथला पंप बंद करण्याची तारीख कुणाच्याच वहीत नाही.