फोनमधील जागा आणि मेमरी कार्डाचा आधार

‘साठवणुकीची जागा संपत आली आहे’ ही सूचना आता बहुतेकांच्या परिचयाची झाली आहे. मायदेशातून येणारी बारशा-मुंजींची छायाचित्रे, आईवडिलांचे ध्वनिसंदेश, नातवंडांच्या चित्रफिती हे सारे फोनमध्ये साचत जाते आणि त्यातले काही पुसायला मन धजत नाही. फोनमध्ये कार्डाची खाच असेल, तर मेमरी कार्ड हा स्वस्त उपाय आहे. आयफोनमध्ये अशी खाच कधीच नव्हती. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेनेही २०२१ पासून ती वगळली. अनेक मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनांत मात्र ती अद्याप आढळते.

कार्ड बसवल्यावर फोन बहुधा त्याचा उपयोग कसा करायचा, असे विचारतो. कार्ड ‘पोर्टेबल’ म्हणजे सुटे ठेवले, तर ते काढून संगणकात किंवा दुसऱ्या फोनमध्येही वाचता येते. दुसरा पर्याय २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ सोबत आला. त्यात कार्ड फोनच्या अंतर्गत साठवणुकीचाच भाग बनते आणि काही अ‍ॅपही त्यावर नेता येतात. हा पर्याय निवडताच कार्डावरील पूर्वीचा मजकूर पुसला जातो व नवा मजकूर कूटबद्ध होतो. त्याची किल्ली त्या फोनमध्येच राहते. फोन कायमचा बंद पडला, तर कार्ड सुस्थितीत असूनही वाचता येत नाही. म्हणून कौटुंबिक ठेव्यासाठी सुटे कार्डच श्रेयस्कर. सर्वच फोनांत हा दुसरा पर्याय नसतो.

त्यानंतर सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ उघडून जागा कशाने व्यापली आहे ते पाहावे. व्हॉट्सअ‍ॅपची छायाचित्रे फोनच्या अंतर्गत जागेतच उतरतात. ती थेट कार्डावर उतरवण्याची सोय त्या अ‍ॅपमध्ये नाही. ती आपणच वेळोवेळी हलवावी लागतात. आधी नक्कल कार्डावर करावी, काही चित्रफिती तेथून उघडून पाहाव्यात आणि मगच मूळ प्रती पुसाव्यात. हलवलेली छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणातून उघडणार नाहीत. ती गॅलरीत सापडतील. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये सोय असल्यास नवी छायाचित्रे थेट कार्डावर साठवावीत.

कार्ड घेताना फोन किती क्षमतेपर्यंत कार्ड स्वीकारतो, हे तपासावे. ‘व्ही३०’ हे चिन्ह सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लेखनाची हमी देते. चित्रीकरणासाठी ते उपयुक्त. ‘ए१’ किंवा ‘ए२’ ही चिन्हे अ‍ॅप कार्डावर ठेवायची असल्यास पाहावीत. फारच स्वस्त मिळणाऱ्या कार्डांवर कधी खोटी क्षमता छापलेली असते. खरी क्षमता भरली की पुढचा मजकूर बिघडतो किंवा नाहीसा होतो. म्हणून विश्वासू दुकानातूनच खरेदी करावी. कार्ड काढण्यापूर्वी सेटिंग्जमधून ‘इजेक्ट’ करण्यास विसरू नये.

तथापि, कार्ड म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. फोनमधून पुसल्यावर त्या छायाचित्राची एकच प्रत उरते, आणि नखाएवढे कार्ड पूर्वसूचनेशिवाय निकामी होऊ शकते किंवा हरवू शकते. ज्या आवाजांची आणि चेहऱ्यांची पुन्हा नोंद होणे शक्य नाही, त्यांची दुसरी प्रत संगणकावर किंवा बाह्य डिस्कवर ठेवावी आणि मगच फोनमधली प्रत पुसावी.