बळी तो कान पिळी: लक्ष देणारी चिप

आज अशा चिपबद्दल बोलू, जिचं काम एवढंच: समोरच्या दृश्यात आधी कुठे बघायचं ते ठरवणं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? तर आधी आपल्या डोळ्याचंच बघा. हात लांब करून अंगठा समोर धरा. आपल्याला अगदी स्पष्ट दिसतं ते साधारण त्या नखाएवढ्याच जागेत. बाकी सगळं धूसर. म्हणून डोळे सेकंदाला दोन-तीन वेळा जागा बदलत राहतात. पुढची जागा निवडणं, यालाच आपण ‘लक्ष जाणं’ म्हणतो.

१९८५ साली क्रिस्टॉफ कॉख आणि शिमॉन उलमन यांनी यासाठी एक नकाशा सुचवला. रंग, उजेड, हालचाल यांत जी जागा आजूबाजूपेक्षा वेगळी दिसते, तिचा आकडा मोठा. सगळ्यांत मोठा आकडा जिथे, तिथे लक्ष.

पण हा मोठा आकडा शोधायचा कसा? नेहमीचा प्रोग्रॅम एकेक आकडा तपासत बसतो. अमेरिकेत कॅलटेकमध्ये कार्व्हर मीड, जॉन लॅझारो, मिशा महोवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८८ च्या सुमारास वेगळं सर्किट केलं. प्रत्येक जागेला फक्त दोन ट्रान्झिस्टर, आणि सगळ्यांना जोडणारी एकच सामाईक तार. ज्या जागेचा करंट सर्वांत जास्त, तीच त्या तारेवरचं व्होल्टेज ठरवते, आणि त्यामुळे बाकीच्यांचा आवाज बंद. बळी तो कान पिळी! मोजणी नाही, प्रोग्रॅम नाही. शिवाय ट्रान्झिस्टर जवळजवळ बंद अवस्थेत चालवतात, त्यामुळे वीज अगदी नाममात्र लागते.

मग अडलं कुठे? एक तर जिंकणारा कायम जिंकतच राहील. समोर दिवा असला, तर चिप त्याच्याकडेच टक लावून बसेल. झ्युरिकच्या जाकोमो इंडिवेरी यांच्यासारख्या संशोधकांनी चिपमध्ये यावर तोड घातली: जिंकलेल्या जागेला थोड्या वेळाने दाबायचं, म्हणजे दुसऱ्या नंबरला संधी मिळते. आपल्या नजरेतही असा प्रकार आढळतो. नुकत्याच बघितलेल्या जागी लक्ष परत जायला जरा उशीर लागतो.

दुसरी अडचण जास्त चिवट. एकाच चिपवरचे दोन ट्रान्झिस्टर कधीच हुबेहूब सारखे नसतात. दोन जागांत अटीतटीची लढत असेल, तर निकाल दृश्यामुळे न लागता ट्रान्झिस्टरच्या जन्मजात फरकामुळे लागू शकतो. डिजिटल चिपमध्ये हा त्रास नाही.

पण गंमत इथेच आहे. चुकून भलतीच जागा जिंकली, तरी तीही थोड्या वेळात दाबली जाते आणि खऱ्या दावेदाराची पाळी येते. बँकेच्या हिशोबाला अशी चिप कोणी वापरणार नाही. पण कुठे बघायचं, या प्रश्नाला झटपट, स्वस्त आणि सुधारता येणारं उत्तर पुरतं. बारकाईचं काम मग त्या निवडलेल्या तुकड्यावर डिजिटल चिपने करावं.

चला तर मग, भेटू पुढच्या भागात!