उभी चुनखडी

कोरपना तालुक्यात वाढलेल्या मुलीला चुनखडीची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. माझे वडील गडचांदूरजवळच्या खाणीवर कामाला होते. दुपारी सुरुंग उडाला की फळीवरची भांडी वाजायची आणि उन्हाळ्यात कडुलिंबाच्या पानांवर पांढरट थर बसायचा. चुनखडी म्हणजे खड्ड्यातून वर येणारी, डंपरमधून क्रशरकडे जाणारी वस्तू, एवढंच आम्हाला माहीत. सिमेंटच्या एक टन क्लिंकरला साधारण दीड टन दगड लागतो, हा वडिलांचा हिशेब मी पुढे भूगोलाच्या तासाला मुलांनाही सांगत आले.

जमिनीच्या वर ताठ उभी असलेली, झाडावेलींनी वेढलेली चुनखडी मी प्रथम पाहिली ती फिलिपिन्समध्ये. मुलगी मनिलात नोकरीला आहे, तिच्याकडे गेले होते. शहरापासून पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर, रिझाल प्रांतातल्या बारास गावाच्या हद्दीत मासुंगी जिओरिझर्व्ह आहे. सिएरा माद्रे ही त्या देशातली सर्वांत लांब डोंगररांग. तिच्या दक्षिणेकडच्या टोकाला चुनखडीचे हे सुळके हिरव्या रानातून वर आले आहेत. तिथला दगड सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. म्हणजे आपल्याकडे सह्याद्रीचा लाव्हा ओतून थंडावला, त्यानंतर फार उशीर न होता तिकडे समुद्रतळाशी हा दगड साचत होता. आमच्या पैनगंगा खोऱ्यातली चुनखडी मात्र या दोन्हींहून कितीतरी म्हातारी.

तिथे मनाला येईल तेव्हा जाऊन चालत नाही. आधी नोंदणी करावी लागते, लहान गटानेच सोडतात, आणि सोबत तिथला रेंजर असतोच. डोक्याला हेल्मेट बांधायचं, कचरा टाकायचा नाही, आरडाओरडा करायचा नाही. सगळी वाट तीन-चार तासांची. आमचा रेंजर विशीतला मुलगा होता. मला तो ‘मॅम’ म्हणायचा आणि प्रत्येक चढापाशी थांबून मागे वळून बघायचा.

पहिल्याच वळणावर मी दगडाला हात लावला आणि हात मागे घेतला. कडा सुरीसारख्या धारदार होत्या. उभ्या पन्हळी, मधे खोल खाचा, आरपार भोकं. ही सगळी कारागिरी पावसाची. पावसाचं पाणी हवेतून थोडा आणि झाडांखालच्या मातीतून बराच जास्त कार्बन डायऑक्साइड उचलतं, त्याचं सौम्य आम्ल होतं, आणि ते चुनखडी विरघळवत खाली उतरतं. भट्टीत चुनखडी तापवली की हाच वायू तिच्यातून बाहेर पडतो. धुराड्याचा धूर मी लहानपणी रोज बघत होते, पण दगड घडवण्यातही या वायूचा हात असतो हे मला त्या खाचांमध्ये बोट घातल्यावर खरं पटलं. पुस्तकातून शिकवलेली गोष्ट अशी हाताला लागली की फार आनंद होतो.

रेंजरने एका ओलसर भिंतीशी आम्हाला थांबवलं आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला. आधी काहीच दिसेना. मग शेवाळाच्या कडेला मोहरीएवढा तपकिरी ठिपका दिसला. ती गोगलगाय होती. तिच्या उपजातीला शास्त्रज्ञांनी या जागेचंच, मासुंगीचं, नाव दिलं आहे. शंख बांधायला कॅल्शियम लागतं आणि ते या भिंतीतच आहे. एवढ्याशा जिवाला दुसऱ्या डोंगरावर जाता येत नाही, म्हणून चुनखडीचा प्रत्येक सुळका अशा प्राण्यांसाठी एक बेटच असतो. एक सुळका फोडला तर कोण कोण कायमचं संपेल, हे कुणालाही आधी सांगता येणार नाही. त्या भिंतीपाशी मी सगळ्यांत जास्त वेळ उभी होते. गटातली मुलं पुढे गेली तरी रेंजरने मला घाई केली नाही.

या भागात वाट म्हणजे पूलच. सुळक्यांच्या मधल्या घळींवर पोलादी तारा ताणून दोर आणि फळ्यांचे झुलते पूल टाकले आहेत. त्यांतल्या एकाचं नाव सापोत, म्हणजे कोळ्याचं जाळं. ते खरोखरच तारांचं भलंमोठं जाळं आहे आणि सुळक्यांच्या वर आडवं पसरलेलं आहे. त्यावर पाय ठेवला की तारांच्या चौकटीतून थेट खालचा दगड दिसतो. शेजारची व्यक्ती चालली की तिची हालचाल आपल्या तळपायाला कळते. दुयान ही दोरांची अवाढव्य झोळी. तिच्यावर चालताना दोर पायाखाली दबतो, पुढचा वर उचलला जातो, आणि दोन्ही हातांनी कडेचा दोर धरून सरकावं लागतं. मला भीती वाटली. पहिल्या पुलावर माझे गुडघे थरथरत होते, आणि चौथ्या-पाचव्या पुलावर मी मधेच उभी राहून खाली बघत होते.

मला या पुलांचं खरं मोल साहसाहून वेगळ्या गोष्टीत वाटतं. डोंगराला पायऱ्या खोदल्या असत्या, काँक्रीट ओतलं असतं, तर चढणं सोपं झालं असतं. आपल्याकडच्या कित्येक गडांवर आणि देवस्थानांवर तेच झालं आहे. इथे माणसाला दोरावर चढवलं आणि दगड होता तसा ठेवला. हजारो पावलं ज्या खाचा आणि शेवाळ तुडवून सपाट करतील, ती पावलं बरीचशी हवेतूनच जातात. आपल्याकडे गडाच्या वाटांची कामं काढणाऱ्यांनी हे एकदा जाऊन बघावं असं मला मनापासून वाटतं.

मधे एक गुहा लागते. बाहेर विरघळलेला चुना इथे थेंबाथेंबाने पुन्हा दगड होतो. थेंबातला वायू गुहेच्या हवेत निसटला की पाण्यातला चुना छताला धरतो. असे लोलक वर्षाला मिलिमीटरच्या लहानशा अंशाने वाढतात. बोटाचं तेल लागलं तरी त्या ठिकाणी वाढ थांबू शकते, म्हणून त्यांना हात लावायचा नाही.

सर्वांत उंच दोन सुळक्यांना तिथले लोक तातय आणि नानय, म्हणजे बाबा आणि आई, म्हणतात. वरून एका बाजूला सिएरा माद्रेच्या रांगा आणि दुसरीकडे लागुना दे बाय हे देशातलं सर्वांत मोठं सरोवर दिसतं. मनिला त्याच बाजूला, सव्वा कोटीहून अधिक वस्तीचं. या डोंगरांवरचं पाणी मारिकिना नदीतून शहराकडे उतरतं. चुनखडीत भेगा असल्याने पाणी आत मुरतं आणि वरचं जंगल त्याला थोपवून धरतं. 26 सप्टेंबर 2009 रोजी ओंदोय वादळाने मनिलात 24 तासांत 455 मिलिमीटर पाऊस ओतला, तेव्हा मारिकिनाचं खोरं घरांच्या छपरांपर्यंत बुडालं. 26 जुलै 2005 ची मुंबई ज्यांनी अनुभवली, त्यांना मी जास्त सांगायला नको. उघडे झालेले डोंगर पाणी धरत नाहीत, एवढंच त्यामागचं भूगोलाचं गणित.

हे रान आपोआप राहिलेलं नाही. लाकूडतोड आणि बेकायदा खाणींनी डोंगर बोडके होत होते. 1993 मध्ये सरकारने मासुंगीच्या सुळक्यांना राखीव दर्जा दिला. पुढे एका बांधकाम व्यावसायिक कुटुंबाने राखण आणि वृक्षलागवड अंगावर घेतली आणि गेल्या दशकाच्या मध्यावर ही वाट लोकांसाठी खुली झाली. 2017 मध्ये पर्यावरण खात्याच्या तेव्हाच्या प्रमुख जीना लोपेझ यांनी आजूबाजूच्या सुमारे 2,700 हेक्टरांवर जंगल परत उभं करण्याचा करार या कुटुंबाच्या संस्थेशी केला. खाणीचे परवाने आणि जमिनीवरचे दावे यांवरून भांडणं होतच राहिली. 2021 च्या जुलैमध्ये दोन रेंजरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले. 2022 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा शाश्वत विकासासाठीचा पुरस्कार मिळाला, आणि 2025 च्या मार्चमध्ये त्याच पर्यावरण खात्याने या कुटुंबाच्या कंपनीशी 2002 मध्ये झालेला आधीचा, वेगळा करार रद्द केला. संस्थेने त्याला विरोध केला आहे.

कराराची कायदेशीर बाजू तिथले वकील बघतील. पण चुनखडीच्या पट्ट्यात वाढलेली म्हणून मी एवढं ठामपणे म्हणेन, की सिमेंट लागतं म्हणून प्रत्येक सुळका खाणीला देता येत नाही. आमच्या वडिलांच्या खाणीतून घरं उभी राहिली, त्याच पगारावर आम्ही शिकलो, याबद्दल मला कृतज्ञता आहे. सिमेंटजोगा दगड दुसरीकडेही मिळतो. पाणलोटाच्या माथ्यावरची, गोगलगाईसकट जिवंत असलेली चुनखडी दुसरीकडून आणता येत नाही.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ बरा. पकड घट्ट असलेले बूट घाला, तळवे सोलवटू नयेत म्हणून हातमोजे घ्या, पाणी बरोबर ठेवा. वयाची चिंता करू नका, रेंजर हात देतात. आणि शुल्क जास्त वाटलं तर हे लक्षात घ्या, की ते राखणीच्या आणि नव्या झाडांच्या कामी येतं.